मॅन्युअल लिहिणाऱ्याला म्हणायचं काय?

'टेक्निकल रायटर' हे पदनाम अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलं. १९५३ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये या लेखकांच्या दोन वेगळ्या संघटना निघाल्या. १९५७ मध्ये त्या एकत्र आल्या तेव्हा नावात 'रायटर्स'सोबत 'एडिटर्स' होते. १९६० मध्ये लॉस एंजेलिसची प्रकाशनवाल्यांची संघटना येऊन मिळाली आणि 'एडिटर्स'च्या जागी 'पब्लिशर्स' आले. दर विलीनीकरणाला पाटी रंगवायची, असा प्रकार! अखेर १९७१ मध्ये 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' हे नाव घेतलं. माणसाच्या जागी कामाचं नाव आल्यामुळे चित्रं काढणारेही त्यात मावले. तरी नोकरीच्या जाहिरातींत 'रायटर'च टिकला. ती संघटना २०२५ मध्ये बंद पडली.

ब्रिटनमध्ये याच कामाला 'टेक्निकल ऑथर' म्हणत आले आहेत, तर जर्मनीत 'टेक्निशर रेडाक्ट्योर', म्हणजे तांत्रिक संपादक. आयबीएममध्ये 'इन्फर्मेशन डेव्हलपर' रूढ झालं. 'डेव्हलपर' म्हटलं की लेखक प्रॉडक्ट टीमचा वाटतो, शेवटी मजकूर साफ करून देणारा नाही.

पण पदनाम बदलून हक्क बदलत नाहीत. कॅलिफोर्नियात ठरावीक पगाराच्या वरच्या सॉफ्टवेअर व्यावसायिकांना ओव्हरटाइम देण्यातून मालकाला सूट आहे. डॉक्युमेंटेशन किंवा इन्स्टॉलेशनच्या सूचना लिहिणाऱ्यांना मात्र कायद्याने त्या सुटीतून स्पष्ट वगळलंय. कार्डावर 'इंजिनिअर' छापलं तरी पाहिलं जातं ते प्रत्यक्ष काम.

आपल्याकडे, पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत, घोळ वेगळा होतो. 'डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह' लिहिलं की निर्यातीची कागदपत्रं करणारा समजतात. औषध कंपनीत तोच शब्द रेकॉर्ड सांभाळणाऱ्याला लागतो. 'कंटेंट रायटर' म्हणजे बहुधा मार्केटिंगचे ब्लॉग, 'कंटेंट डेव्हलपर' म्हणजे ई-लर्निंग. 'यूएक्स रायटर' तेव्हाच लिहावं, जेव्हा बटणांवरचे शब्द आणि एरर मेसेज खरोखर तुमच्या हातात असतात. नाहीतर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं.

कंपनीने दिलेलं पदनाम विचित्र असेल तर बायोडेटात ते बदलू नये, कारण पार्श्वभूमी तपासणीत अनुभवपत्राशी ते जुळवून पाहतात. मूळ पदनाम ठेवून पुढे कंसात 'टेक्निकल रायटर' लिहावं. भरती करणारे शोधताना बहुतेक हाच शब्द टाकतात. खालच्या ओळीत कशावर लिहिता, म्हणजे एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय), हार्डवेअर की बँकिंग, आणि डिटा (मजकूर सुट्या तुकड्यांत लिहायची एक्सएमएल पद्धत) येतं का, हे लिहावं.