रुग्णालय-जहाज: खाटा मोजण्याआधी दारं बघा

रुग्णालय-जहाजाची बातमी आली की मथळ्यात हमखास खाटांचा आकडा असतो. अमेरिकी नौदलाच्या 'मर्सी' आणि 'कम्फर्ट' या जहाजांवर प्रत्येकी 1,000 खाटा आणि 12 शस्त्रक्रियागृहं; चीनच्या 'पीस आर्क'वर 300 खाटा. आकडे खोटे नाहीत, पण त्यांवरून जहाजाची पारख होत नाही. आराखडा हातात आला तर आधी दारं, लिफ्ट आणि बोटी पाहाव्यात.

'मर्सी' आणि 'कम्फर्ट' ही मुळात तेलवाहू जहाजं. 1970च्या दशकात बांधलेले हे 272 मीटर लांबीचे टँकर 1986-87मध्ये रुग्णालय होऊन पुन्हा समुद्रात उतरले. सांगाडा तयार मिळाला, पण टँकरची घडणही सोबत आली. टँकरचं पोट एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उभ्या केलेल्या जलरोधक भिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेलं असतं. एका कप्प्याला भगदाड पडलं तरी पाणी शेजारी शिरू नये, हा हेतू. अशा भिंतीत खालच्या मजल्यावर दार पाडणं म्हणजे त्या संरक्षणालाच भोक पाडणं. त्यामुळे खालच्या एका विभागातून पलीकडच्या विभागात रुग्ण न्यायचा तर स्ट्रेचर आधी वरच्या डेकवर न्यायचं, भिंत ओलांडायची आणि पुन्हा खाली उतरवायचं. तेही सलाइन आणि ऑक्सिजन सिलिंडर सांभाळत. नकाशावर दोन पावलांचं वाटणारं अंतर असं तीन मजल्यांचं होऊन बसतं.

रुग्णालयाला हवेशीरपणा हवा आणि जहाजाला बंदिस्तपणा, हे भांडण जुनंच आहे. 'टायटॅनिक'चं भावंड असलेलं 'ब्रिटॅनिक' पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज होतं. 21 नोव्हेंबर 1916 रोजी एजियन समुद्रात त्याला सुरुंगाचा तडाखा बसला, तेव्हा वॉर्डांत हवा खेळावी म्हणून बाजूच्या गोल खिडक्या उघड्या होत्या. जहाज कललं, त्या खिडक्या पाण्याखाली गेल्या आणि तासाभरात ते बुडालं. आज वातानुकूलन आहे, खिडक्या उघडाव्या लागत नाहीत. पण संसर्गाच्या रुग्णांची हवा इतरांकडे जाऊ नये यासाठी वायुनलिका वेगळ्या ठेवायच्या, आणि त्या नलिका पुन्हा त्याच जलरोधक भिंतींतून न्यायच्या. डोकेदुखी फक्त जागा बदलते.

मग प्रश्न डोलण्याचा. जहाज जितकं स्थिर तितकं शस्त्रक्रियेला चांगलं, असं वाटतं. पण 'स्थिर' या शब्दाने फसायला होतं. बुडाशी जड असलेली बाहुली ढकलली की ती झटकन उभी राहते. गुरुत्वमध्य फार खाली असलेलं जहाजही तसंच वागतं: कलंडत नाही, पण हिसके देतं. सर्जनला सावकाश झुकणं एकवेळ चालेल, हिसका नाही. म्हणून अभियंते जहाजाचं परत उभं राहणं मुद्दाम थोडं संथ ठेवतात, मात्र सुरक्षिततेची मर्यादा न ओलांडता. शस्त्रक्रियागृहं शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूला असतात, कारण हेलकावा तिथे सर्वांत कमी जाणवतो. बाजूंना हलती पाती बसवून डोल कमी करता येतो, पण नेहमीच्या पात्यांचा जोर जहाज वेगात असतानाच मिळतो. रुग्णालय-जहाज मात्र काम करतं ते उभं राहून! तिथे कामी येते ती डोलरोधक टाकी. आतलं पाणी एका बाजूकडून दुसरीकडे अशा बेताने वाहू द्यायचं की ते डोलाच्या उलट जोर लावेल. जहाज नांगरावर असलं तरी हा उपाय चालतो.

पाण्याची गोष्ट त्यामानाने सोपी. 'मर्सी'वरची संयंत्रं ऊर्ध्वपातनाने, म्हणजे खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून, दिवसाला सुमारे 11 लाख लिटर गोडं पाणी बनवू शकतात. नव्या जहाजांवर सहसा रिव्हर्स ऑस्मोसिस असतं, म्हणजे पाणी बारीक पटलांतून दाबून गाळायचं, आणि तेलाचा तवंग किंवा गाळ आला की त्याची पटलं लगेच चोंदतात. आपत्तीनंतर बंदरातलं पाणी नेमकं तसंच असतं.

12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भूकंप झाला. 'कम्फर्ट' 16 तारखेला बाल्टिमोरहून निघून 20 तारखेला पोर्ट-ओ-प्रिन्सला पोचलं. तिथलं बंदर मोडलेलं, त्यामुळे जहाज बाहेर नांगरून रुग्ण हेलिकॉप्टरने आणि बोटींनी आणावे लागले. अशा वेळी किती खाटा आहेत यापेक्षा तासाला किती स्ट्रेचर डेकवर उतरतात, हे ठरवतं की किती जण वाचतील. रुग्ण परत पाठवणंही तितकंच अवघड. ज्याचा पाय कापलाय आणि घर पडलंय, त्याला सोडायचं कुठे? तो खाट अडवतो, आणि दोष त्याचा नसतो.

शिवाय वेळ. 17 नॉट वेगाने जहाज दिवसाला जेमतेम 750 किलोमीटर कापतं. 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर 'मर्सी' इंडोनेशियातल्या आचेला पोचलं फेब्रुवारीच्या सुरुवातीला. चिरडलेल्यांचा पहिला ओघ तोवर ओसरलेला असतो. समोर येतात फुफ्फुसात घाण पाणी गेल्याने झालेले न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा आणि दवाखानेच वाहून गेल्याने खोळंबलेले जुने आजार. तेही काम मोलाचंच, पण त्यासाठी लागणारी डॉक्टरांची फौज वेगळी.

'मर्सी शिप्स' या स्वयंसेवी संस्थेने हा प्रश्न दुसऱ्याच बाजूने सोडवला. त्यांचं 'आफ्रिका मर्सी' हे एकेकाळचं डॅनिश रेल्वे-फेरी जहाज. 2021मध्ये हाती आलेलं 174 मीटरचं 'ग्लोबल मर्सी' मात्र पहिल्यापासून रुग्णालय म्हणूनच बांधलेलं. धावत आपत्तीकडे जायचं नाही, एखाद्या आफ्रिकी बंदरात धक्क्याला लागून साधारण 10 महिने थांबायचं आणि ठरवून शस्त्रक्रिया करायच्या. रुग्ण शिडीवरून चालत वर येतो. हेलिकॉप्टरची गरजच उरत नाही.

आपत्तीसाठी मला भारतीय नौदलाची वाट जास्त पटते: सर्वेक्षण जहाजंच अशी बांधायची की गरज पडल्यास त्यांचं रुग्णालय करता येईल. त्सुनामीनंतर 'आयएनएस निरूपक'वर असंच छोटं रुग्णालय उभारून ते इंडोनेशियाला पाठवलं गेलं, आणि ते 'मर्सी'च्या कितीतरी आधी तिथे पोचलं. एरवी असं जहाज समुद्राचा तळ मोजत असतं, त्यामुळे खलाशी जागेवर असतात आणि इंजिन चालू हालतीत. खाटा मोजक्याच, पण 'मर्सी'ला तरंगायला 10 मीटर खोल पाणी लागतं. असं लहान जहाज त्याहून उथळ पाण्यातही शिरतं.