पार्श्वभूमी : चामोरो पूर्वजांची भुतं कशी झाली

चामोरो म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधल्या गुआम आणि मारियाना बेटांचे मूळ रहिवासी. त्यांच्या पुराणकथांची सुरुवात पुंतान आणि फुउना या भावंडांपासून करायची रीत आहे. मरणाऱ्या पुंतानच्या सांगण्यावरून बहिणीने त्याच्या छाती-खांद्यांतून आकाश आणि जमीन घडवली, डोळ्यांचे सूर्य-चंद्र केले, भुवयांचं इंद्रधनुष्य केलं. पुढे गुआमच्या दक्षिणेला, उमाटाकजवळच्या फुहा उपसागरात तिची शिळा झाली आणि तिच्यातून माणसं निघाली. ही कथा लिहून ठेवली ती ज्यांना ती पुसायची होती त्या मिशनऱ्यांनी, म्हणून तपशील तुटपुंजे. पण आज गुआमवर खरा दबदबा आहे तो ताओताओमोना यांचा, म्हणजे जंगलात, वडाच्या कुळातल्या नुनू झाडाखाली राहणाऱ्या ‘आधीच्या माणसां’चा. ते अंगावर वळ उठवतात, गरोदर बाईचा वास त्यांना लगेच येतो, काही गोष्टींत त्यांना मुंडकंच नसतं.

हे मुंडकं गेलं कुठे, हे समजायला 1668 साल पाहावं लागतं. त्या वर्षी स्पॅनिश जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचं) मिशन आलं तेव्हा चामोरो घरांत वाडवडिलांच्या कवट्या जपून ठेवलेल्या असत. पाऊस, मासेमारी, आजारपण, सगळ्यासाठी त्यांनाच साकडं घालत. या पितरांना ‘अनिती’ म्हणत. फिलिपिन्समधला ‘अनितो’ त्याच गोत्राचा. मिशनऱ्यांनी अनिती म्हणजे सैतान असं ठरवलं आणि कवट्या फोडायला, जाळायला लावल्या. या निर्णयाची बाजू घेणारे आजही आहेत: धर्मांतर करायचं तर जुनी पूजा थांबवणं ओघानेच आलं, असं ते म्हणतात. ते मान्य केलं तरी घरातली आजी एका फटक्यात शत्रू ठरली, ही गोष्ट उरतेच. मृतांना राक्षस मानण्याची सवय बेटाला तिथून लागली, असं मला वाटतं. मुंडकं नसलेल्या आकृतीचा संबंध थेट त्या कवट्यांशी जोडणारेही आहेत. पुरावा नाही, पण तर्क मोहात पाडतो.

मिशनचा प्रमुख 1672 मध्ये तुमोन इथे मारला गेला. वडिलांच्या मर्जीविरुद्ध मुलीचा बाप्तिस्मा केल्याचं निमित्त झालं. स्पॅनिश आणि चामोरो यांच्यातल्या लढाया 1690च्या दशकापर्यंत चालल्या. लढाई आणि साथींनी लोकसंख्या काही हजारांवर आली. उरलेल्यांना चर्चभोवतीच्या मोजक्या गावांत आणून बसवलं, सायपान-तिनियान ही शेजारची बेटं रिकामी केली. दगडी लाटे खांबांवरची जुनी घरं ओस पडली, अंगणात पुरलेले पूर्वज तिथेच राहिले, वर रान माजलं. ताओताओमोना नेमके अशाच जागी भेटतात, हा योगायोग नाही.

सिरेनाची गोष्ट पर्यटकांना जास्त सांगतात. आईच्या शापाने मासा होऊ लागलेल्या या मुलीचा वरचा अर्धा देह तिच्या गॉडमदरने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या मानलेल्या आईने, वाचवला. गॉडमदर आली म्हणजे कथा स्पॅनिश काळातली, हे उघड आहे. केसांची गाठ बांधून कड्यावरून उडी घेणाऱ्या दोन प्रेमिकांचीही तीच गत. तिच्यात स्पॅनिश कप्तान आहेच. म्हणून ती खोटी ठरत नाही, फक्त प्राचीन नाही. त्या मानाने गुआमची कंबर कुरतडणाऱ्या महाकाय माशाला मुलींनी स्वतःच्या केसांच्या जाळ्यात पकडलं, ही कथा मला अधिक जुन्या वळणाची वाटते.

1898 मध्ये गुआम स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. त्यानंतर अमेरिकी नौदलाच्या प्रशासनाने शाळांत चामोरो बोलायला बंदी केली. 1970च्या दशकात भाषा शाळेत परतली, तोवर कथा बऱ्याचशा इंग्रजीत सांगितल्या जाऊ लागल्या होत्या. टिकलं ते परवानगीचं वाक्य. रानात शिरताना, विशेषतः लघवीला जाताना, आजही म्हणतात: ‘गुएला यान गुएलो’, आजी-आजोबा, तुमच्या जागेतून जाऊ द्या, तुम्ही आमच्याकडे आलात तर न विचारता या. तरीही सूज आली की सुरुहानू, म्हणजे झाडपाल्याचा वैद्य, गाठतात.

अलीकडे फुहाच्या शिळेकडे दरवर्षी मंत्र म्हणत लोक जातात. उत्तरेत अमेरिकी मरीन सैनिकांच्या नव्या तळाच्या बांधकामात लाटे काळातल्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या, वस्तीचे आणि माणसांचे अवशेष निघाले, तेव्हा विरोधकांनी त्यांना ‘पुरातत्त्वीय साहित्य’ म्हणायला नकार दिला. त्यांच्या लेखी ते नातेवाईक होते. हाडं उचलायची की तळाचा आराखडा बदलायचा, हा वाद मिटलेला नाही.