एल्युसिसचं गुपित आणि विक्काचं गुपित

पुस्तकांच्या दुकानात ‘गूढविद्या’ अशी पाटी असलेल्या फळीवर दोन पुस्तकं हमखास शेजारी शेजारी येतात. वॉल्टर बुर्कर्ट यांचं प्राचीन गूढपंथांवरचं १९८७चं ‘एन्शन्ट मिस्टरी कल्ट्स’ आणि स्कॉट कनिंगहॅम यांचं विक्का या आधुनिक चेटूक-धर्मावरचं १९८८चं मार्गदर्शक. दोन्हींत देवी आहे, दीक्षा आहे, रात्रीचे विधी आहेत, आणि बाहेर बोलायचं नाही असा दंडक आहे. वाचणाऱ्याला वाटतं, पहिल्यात परंपरेचा उगम आणि दुसऱ्यात तिचा आजचा प्रवाह. गेली काही वर्षं मी या विषयावरचं मिळेल ते वाचतो आहे, आणि मला हे कळकळीनं सांगावंसं वाटतं की या समजामुळे दोन्ही गोष्टींवर अन्याय होतो. प्राचीन ग्रीकांचं एल्युसिस वेगळं आणि विसाव्या शतकातल्या इंग्लंडचा विक्का वेगळा. दोघांकडे गुपित आहे, पण ते एका जातीचं नाही.

एल्युसिस हे अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवरचं गाव. धान्याची देवी डिमीटर आणि तिची लेक पर्सेफनी यांचं तिथं ठाणं होतं. दरवर्षी बोएड्रोमिऑन महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या सुमारास, तिथला उत्सव भरे. यात दडवादडवीचं काही नव्हतं. तो अथेन्स नगरराज्याचा अधिकृत उत्सव होता. दीक्षा घेणारे डुकराची पिलं घेऊन समुद्रावर अंघोळीला जात, मग पवित्र रस्त्यानं सगळी मिरवणूक एल्युसिसला निघे. ज्याला ग्रीक भाषा समजते आणि ज्याच्या हातून खून झालेला नाही अशा कुणालाही दीक्षा मिळे. बायकांना मिळे, गुलामांनाही मिळे. उपास करायचा, सातू आणि पुदिन्यासारख्या वनस्पतीचं ‘किकेऑन’ नावाचं पेय प्यायचं आणि रात्री टेलेस्टेरियन या सभामंडपात शिरायचं. मंडप सुमारे ५० मीटर लांब-रुंद होता. भिंतींलगत पायऱ्या होत्या आणि त्यांवर अंदाजे ३,००० माणसं मावत.

आत काय घडे, ते एवढ्या माणसांनी पाहिलं. शतकानुशतकं पाहिलं. तरी कुणी लिहून ठेवलं नाही. जगाच्या इतिहासात इतक्या लोकांनी इतका काळ पाळलेलं दुसरं गुपित मला तरी माहीत नाही.

अर्थात, त्यामागे धाकही होता. इसवी सनपूर्व ४१५मध्ये अथेन्सचा सेनापती अल्किबायडिस आणि त्याच्या मित्रांवर आरोप आला की त्यांनी खासगी घरांत या विधींची नक्कल केली. अल्किबायडिसला त्याच्या गैरहजेरीत देहदंड सुनावला गेला. दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त करून विकली आणि तिच्या याद्या दगडावर कोरून ठेवल्या. आणखी एक प्रसंग रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. इसवी सनपूर्व २००च्या सुमारास अकार्नानिया प्रांतातले दोन तरुण गर्दीबरोबर चुकून आत गेले. दीक्षा नसल्यामुळे त्यांनी काही भलतेच प्रश्न विचारले, त्यावरून ओळखले गेले आणि त्यांना ठार मारण्यात आलं.

आता विक्का. या धर्माचा पत्ता इतका जुना नाही. त्याचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांचा जन्म १८८४चा, लिव्हरपूलजवळचा. उमेदीची वर्षं त्यांनी सिलोन, बोर्निओ आणि मलायात काढली. आधी मळ्यांवर, नंतर जकात खात्यात. मलायी शस्त्रांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक आजही अभ्यासक चाळतात. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. १९३९मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या चेटूक-मंडळानं आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. इंग्लंडमधला १७३५चा चेटूक कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४ला त्यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. ख्रिस्तपूर्व काळापासून लपूनछपून तगलेला धर्म आपल्याला सापडला आहे, हा त्या पुस्तकाचा दावा.

त्या पुस्तकाची प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती, आणि इथंच गोंधळाचं मूळ आहे. मरे यांचा जन्म कलकत्त्याचा. इजिप्तच्या पुरातत्त्वात त्यांचं काम मोलाचं आहे. पण १९२१मध्ये त्यांनी असा सिद्धांत मांडला की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळलं-फाशी दिलं, ते एका प्राचीन संघटित धर्माचे अनुयायी होते. त्यांचाच लेख पुढे कितीतरी वर्षं ब्रिटानिका विश्वकोशात छापला जात होता, त्यामुळे सामान्य वाचकाला तो सिद्ध इतिहास वाटला. १९७५मध्ये इतिहासकार नॉर्मन कोन यांनी चेटकिणींच्या खटल्यांतले मूळ कबुलीजबाब काढून दाखवले. हवेत उडणं, जनावराचं रूप घेणं असे अशक्य तपशील मरे यांनी गाळले होते आणि उरलेल्या भागाला साक्षीपुरावा म्हणून पुढे केलं होतं. ज्या जमिनीवर गार्डनर यांनी आपल्या धर्माची वंशावळ उभी केली, ती जमीनच खचली.

मग विक्का आला कुठून? इतिहासकार रोनाल्ड हटन यांचं १९९९चं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ याचं उत्तर सविस्तर देतं. या विषयावर एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर मी हेच सुचवीन. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या दीक्षाविधींचा साचा, एकोणिसाव्या शतकातल्या मंत्रविद्येच्या मंडळांची कर्मकांडं, इंग्रज मांत्रिक अलिस्टर क्रोली यांच्या लेखनातले उतारे, इंग्रजी काव्यातली चंद्रदेवी आणि ग्रामजीवनाची ओढ, हे सगळं एकत्र येऊन हा धर्म घडला. डोळे बांधून दीक्षार्थीला आत आणणं, चढत्या क्रमानं तीन पायऱ्या, यांत मेसन छाप स्पष्ट दिसते, आणि गार्डनर स्वतः मेसन होतेच. १९५३मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांना त्या मजकुरातला क्रोली लगेच ओळखू आला. त्यांनी त्यातलं बरंच काढून टाकलं आणि देवीच्या तोंडचं प्रसिद्ध निरूपण नव्यानं लिहिलं. विक्काची आज जी भाषा म्हणून ओळखली जाते, तिच्यावर या बाईंचा हात मोठा आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना नेहमी मिळत नाही.

विक्काच्या विधींची वही ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणजे छायांची पोथी. नाव ऐकून मध्ययुगातला दगडी वाडा डोळ्यांपुढे येतो. व्हॅलिएंटे यांच्या म्हणण्याप्रमाणे ते नाव गार्डनर यांनी १९४९च्या एका नियतकालिकातून उचललं. तिथं मीर बशीर नावाच्या हस्तरेषातज्ज्ञाचा लेख होता, माणसाच्या सावलीच्या लांबीवरून भविष्य सांगणाऱ्या एका संस्कृत पोथीबद्दल. म्हणजे छायाशास्त्राच्या पोथीचं नाव इंग्लंडच्या चेटूक-वहीला मिळालं.

दोन्हींतला फरक सगळ्यात खोल कळतो तो त्यांच्या कथांमधून. एल्युसिसची कथा होमरच्या नावावर असलेल्या डिमीटर-स्तोत्रात आहे. फुलं वेचणाऱ्या पर्सेफनीला पाताळाचा राजा पळवून नेतो. आई नऊ दिवस मशाली घेऊन, अन्नपाण्याशिवाय तिला शोधत फिरते. रागानं आणि दुःखानं ती धान्य उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडतात, तेव्हा देवांचा राजा झ्यूसला नमावं लागतं. पण लेकीनं डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा एक तृतीयांश सासरी आणि उरलेला काळ माहेरी अशी वाटणी होते. ही लेक हिरावली गेलेल्या आईची कथा आहे. उपास आणि किकेऑन हे तिच्याच उपासाचं आणि तिनं तो सोडल्याचं अनुकरण.

गार्डनर यांनी १९५४च्या पुस्तकात छापलेल्या कथेतही देवी पाताळात उतरते. वरवर पाहता तीच गोष्ट वाटते, आणि बरेच लेखक तसं लिहूनही मोकळे होतात. नीट वाचा. इथं देवीला कुणी पळवत नाही. मृत्यूचं कोडं सोडवायचं म्हणून ती आपण होऊन जाते. द्वारपाल तिला वस्त्रं आणि दागिने उतरवायला लावतात, ते तर प्राचीन सुमेरच्या इनान्ना देवीच्या कथेतलं. पुढे मृत्युदेव तिच्या पाया पडतो, प्रेम मागतो, ती आधी नाकारते आणि शेवटी तो तिला सगळी रहस्यं शिकवतो, दोघं एक होतात. आईचा इथं पत्ता नाही, भुकेनं मरणारी माणसं नाहीत, धान्यही नाही. ही साधकाची आणि प्रियकर-प्रेयसीची कथा आहे. मला ती सुंदर वाटते. पण ती डिमीटरची नव्हे.

जगण्यातला फरकही तितकाच मोठा. एल्युसिसची दीक्षा घेतली म्हणून माणसाचा धर्म बदलत नसे. तो घरी जाऊन नेहमीच्या देवांना नेहमीसारखाच भजे. बुर्कर्ट यांचा भर याच मुद्द्यावर आहे. या पंथांना स्वतंत्र धर्म म्हणणं चुकीचं, ते नवस-सायासाच्या धर्मजीवनातलेच एक खास अंग होते. रोमन वक्ता सिसेरो म्हणतो की तिथून आनंदानं जगायला आणि चांगल्या आशेनं मरायला मिळालं. विक्का मात्र पूर्ण वेळचा धर्म आहे. वर्षाचे आठ सण, पौर्णिमेच्या बैठकी, देव आणि देवीची जोडी, आणि जेमतेम तेरा जणांपर्यंतचं मंडळ. कनिंगहॅम यांच्यासारख्या लेखकांनंतर तर मंडळाचीही गरज उरली नाही. एकट्यानं, स्वतःच स्वतःला वाहून घ्यायचं.

पुस्तकं वाचताना हे ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. विक्कावरची बहुतेक पुस्तकं आतल्या माणसांनी लिहिली आहेत आणि ‘असं करा’ म्हणून सांगतात. एल्युसिसवरची पुस्तकं बाहेरच्यांनी लिहिली आहेत, उरलेले पाये, शिलालेख आणि विरोधकांच्या साक्षी जोडून. तिथलं परवलीचं वाक्य आपल्याला क्लेमेंट या ख्रिस्ती धर्मोपदेशकामुळे कळतं, आणि शेवटी शांततेत कापलेलं एक कणीस दाखवत, हे कळतं हिप्पोलिटस या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकामुळे. दोघंही या पंथाची निंदा करायला बसले होते. त्यामुळे जे पुस्तक टेलेस्टेरियनमधली रात्र पायरीपायरीनं वर्णन करतं किंवा घरी करण्यासाठी ‘मूळ एल्युसिस विधी’ देतं, ते मी फळीवर परत ठेवतो.

एक साम्य मात्र खरं आहे. दीक्षार्थींना काही शिकायचं नसतं, त्यांनी काही अनुभवायचं असतं, असं ॲरिस्टॉटलचं मत आपल्यापर्यंत पोचलं आहे. गार्डनर परंपरेतले लोकही आज हेच म्हणतात. आमचे बरेचसे विधी छापून झालेत, तरी गुपित शाबूत आहे, कारण ते कागदावर उतरत नाही. त्यांच्यातले बहुतेक जाणते लोक आपला धर्म विसाव्या शतकातला आहे हे मान्य करतात, आणि त्यानं त्यांची श्रद्धा उणावत नाही.

मराठीत लिहिताना आणखी एक काळजी घ्यायला हवी. विक्का पाळणाऱ्यांना सरसकट ‘जादूटोणा करणारे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा येतो. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवलं जातं तेव्हा तो शब्द तिच्यावर दुसऱ्यांनी लादलेला असतो आणि तिच्या जिवावर बेततो. विक्काच्या लोकांनी ‘विच’ हा शब्द स्वतःहून, अभिमानानं घेतला आहे. दोन्हींना एकच मराठी शब्द वापरणं त्या बाईच्या दुःखाशी बेइमानी आहे.

एल्युसिसचा शेवट इसवी सनाच्या चौथ्या शतकात झाला. रोमन सम्राट थिओडोसियसनं मूर्तिपूजेवर बंदी आणली आणि ३९६च्या सुमारास अलारिक राजाच्या गॉथ टोळ्या तिथून गेल्या. त्याआधी चारशे वर्षांवर, इसवी सनपूर्व २०च्या सुमारास, भारतातून रोमन सम्राट ऑगस्टसकडे वकिलात गेली होती. तिच्यातल्या एकाला ऑगस्टसच्या खातर, नेहमीचा काळ नसताना एल्युसिसचा उत्सव भरवून दीक्षा दिल्याचं इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो. त्यानंतर त्या माणसानं अथेन्समध्ये अग्निप्रवेश केला. त्याच्या थडग्यावरचा लेख ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोनं टिपून ठेवला आहे. नाव झार्मनोखेगस, बहुधा ‘श्रमणाचार्य’चा अपभ्रंश, आणि गाव बारगोसा, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपलं भडोच. भारतीयांच्या पूर्वापार रीतीनं त्यानं स्वतःला अमर केलं, एवढंच त्यात आहे. टेलेस्टेरियनमध्ये त्यानं काय पाहिलं, याबद्दल एक अक्षर नाही.