ऑर्केस्ट्रा नक्की कशाला म्हणायचं?

गणपतीत आमच्या मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'आज रात्री ९ वाजता ऑर्केस्ट्रा'. म्हणजे दोन गायक, एक गायिका, एक मिमिक्रीवाला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, कोंगो आणि निवेदक. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की हेच डोळ्यासमोर येतं आणि त्यात चुकीचं काही आहे असं मला अजिबात वाटत नाही. पुण्याच्या मेलडी मेकर्सनी, प्रमिला दातारांच्या 'सुनहरी यादें'नी हा शब्द घराघरात नेला. पण युरोपात त्याच शब्दाला साठ-ऐंशी माणसं लागतात. मग खरा कोणता?

मुळात हे जागेचं नाव आहे. ग्रीक थिएटरमधे प्रेक्षकांच्या पुढ्यात जी गोल मोकळी जागा असायची, जिथं कोरस नाचायचा-गायचा, ती ऑर्केस्ट्रा. पुढे ऑपेरा आला, वाजवणारे स्टेजसमोर बसायला लागले आणि जागेचं नाव माणसांना चिकटलं. फ्रान्सच्या दरबारात 'राजाची चोवीस व्हायोलिनं' म्हणून ताफा होता, चौदाव्या लुईच्या काळात लुली हा संगीतकार तिथं सगळ्यांचे बो, म्हणजे व्हायोलिनचे गज, एकाच दिशेनं हलले पाहिजेत म्हणून हटून बसायचा. माझ्या मते ऑर्केस्ट्राची खरी खूण ही आहे, डोकी किती ते नाही. एकच ओळ दहा जणांनी मिळून एका श्वासात वाजवायची, आपला आवाज शेजारच्याच्या आवाजात विरघळू द्यायचा. बँडमधे प्रत्येकाची जागा वेगळी असते, इथं दोघांत एक स्टँड, एकच कागद, आणि पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा हात थांबवून पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो, सूर तुटत नाही.

नंतर आकडा फुगत गेला. बेथोवेननं १८०८ मधे पाचव्या सिंफनीच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेच्या, शेवटी ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं घुसवली, आणि १९१० मधे म्युनिकला माहलरची आठवी सिंफनी झाली तेव्हा गाणारे-वाजवणारे धरून हजारावर माणसं स्टेजवर. पण त्याच्या चार वर्षं आधीच शोनबर्गनं फक्त पंधरा वाद्यांची चेंबर सिंफनी लिहिली होती, प्रत्येक ओळीला एकच माणूस. व्हारेझनं १९३१ मधे तेरा तालवादकांसाठी पीस लिहिला, त्यात व्हायोलिन औषधालासुद्धा नाही. अमेरिकेत जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचा ताफा पंधराएक जणांचा, नाव मात्र ऑर्केस्ट्रा. म्हणजे विसाव्या शतकात व्याख्या सगळीकडूनच उसवली.

आपल्याकडेही प्रयोग चालूच होते. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना घेऊन बँड उभा केला, त्यात बंदुकीच्या नळ्या कापून बनवलेलं नलतरंग होतं. आकाशवाणीचं वाद्यवृंद १९५२ चं, पंडित रविशंकर तिथं होते.

पण मला सगळ्यात जवळची गोष्ट मुंबईची वाटते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे. तीच पोरं पुढे मुंबईत हॉटेलांच्या जॅझ बँडमधे आणि मग सिनेमात आली. संगीतकार चाल पेटीवर सांगायचा, आणि तीस व्हायोलिनं, चेलो, ट्रम्पेट यांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचं काम अरेंजरचं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ, तिथं गायक आणि सगळे वादक एकत्र, एकाच टेकमधे. शेवटच्या अंतऱ्यात कुणाचा एक सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि या ताफ्यात ढोलक, तबला, सतार, मँडोलिन, ॲकॉर्डियन सगळं असायचं. व्हिएन्नातल्या कुणाला ही यादी विचित्र वाटेल पण मी याला छातीठोकपणे ऑर्केस्ट्रा म्हणेन, कारण ती तीस व्हायोलिनं खरंच एक होऊन वाजायची.

गोन्साल्विस एवढ्यावर थांबले नाहीत. १९५८ मधे त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' काढला, रागांवर आधारलेल्या रचना, झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो टिकला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००६ मधे मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रानं मिळत्याजुळत्या नावाचा 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा केला, तो पाश्चात्त्य वळणाचा, आणि चांगला चाललाय.

मग मल्टिट्रॅक आणि सिंथेसायझर आले. एकेक जण वेगवेगळ्या वेळी येऊन वाजवून जायला लागला, पुढे तर व्हायोलिनचा सगळा सेक्शनच कीबोर्डच्या एका बटणात आला, नव्वदीच्या दशकात स्टुडिओतले मोठे हॉल ओस पडत गेले. शब्द तेवढा स्टेजवर राहिला, आणि लायसन्सवर. २००५ मधे डान्सबार बंद झाल्यावर गाणं-वाजवणं चालणारे 'ऑर्केस्ट्रा बार' वाढले, परवान्यात चार बायका आणि चार पुरुष अशी अट. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मधे ती स्त्री-पुरुषांची अट काढली, बायकांच्या रोजीरोटीचा विचार करून, हे फार बरं झालं. पण एकूण आठची मर्यादा तशीच राहिली, म्हणजे कागदोपत्री आठपर्यंत ऑर्केस्ट्रा.

गेल्या वर्षी गणपतीत मी मुद्दाम कीबोर्डवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. डावा हात कॉर्ड धरून, उजव्या हातानं तो गायिकेच्या ओळीमागून धावणारी व्हायोलिनची जुनी धून वाजवत होता, सूर न् सूर जसाच्या तसा. नोटेशन समोर नव्हतं, कानानं उचललेलं. गाणं संपल्यावर विचारलं, ही मागची धून कुणाची? त्यानं संगीतकाराचं नाव सांगितलं. मी म्हटलं, अरेंजर सेबॅस्टियन. त्यानं मोबाईल काढला आणि नाव लिहून घेतलं.