कान्हेरीचा वर्षावास

कान्हेरी : मुंबईतील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, साष्टी बेटाच्या मधल्या डोंगरावर खोदलेला शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांचा समूह. ‘कण्हगिरि’ म्हणजे काळा डोंगर; या प्राकृत नावावरून कान्हेरी झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदकामाला सुरुवात झाली आणि पुढे सुमारे हजार वर्षे येथे भिक्षूंचा राबता होता.

भिक्षूने एरवी फिरते राहावे, पण आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी थांबून ध्यान-अध्ययन करावे, असा नियम आहे. हाच वर्षावास. कान्हेरीची सारी मांडणी पावसाच्या हिशेबाने केलेली दिसते. बहुतेक लेण्यांना स्वतःचे टाके आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कातळात कोरलेल्या पन्हळी वरच्या उतारावरचे पाणी टाक्यात आणून सोडतात. लहान विहार (भिक्षूंचे निवासस्थान) म्हणजे एक खोली, निजायला दगडी ओटा, पुढे पडवी आणि पडवीच्या कडेला टाके. कोकणातल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल.

जगापासून दूर राहता यावे म्हणून हे आडरान निवडले, असे सांगतात. ते अर्धेच खरे. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे फार लांब नव्हती, आणि दानलेखांत तिथलीच माणसे भेटतात. रक्कम ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून वर्षावासातल्या भिक्षूंना चीवर (अंगावरचे वस्त्र) द्यायचे, अशी व्यवस्था असे. पादत्राणांच्या खर्चाचीही तरतूद आढळते. चिखलाचे दिवस, तेव्हा ती हवीच. एका लेखात ‘मगलठाण’ गावचे शेत दान दिल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे, जिथे आता मेट्रो थांबते. नवव्या शतकात, शिलाहार राजांच्या अमलात, अविघ्नाकर नावाच्या उपासकाने थेट गौड देशातून (बंगालमधून) येऊन 100 द्रम्म (त्या काळची नाणी) ठेवले.

लेणे क्र. 3 हे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनागृह, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. त्याच्या पडवीच्या दोन टोकांना असलेल्या सुमारे 7 मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती मात्र बऱ्याच नंतरच्या. क्र. 11 ला ‘दरबार’ म्हणतात. आत दोन लांबलचक, बुटके दगडी बाक समांतर कोरले आहेत. क्र. 41 मधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) चुकवू नये. डोंगरावरच ‘निर्वाणवीथी’ आहे : दिवंगत भिक्षूंच्या विटांच्या स्तूपांची रांग. काहींचा मुक्काम असा कायमचाच झाला.

1009 आणि 1021 साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी क्र. 90 मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. ही खोड तशी जुनीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी चैत्यगृहाचे चर्च केले. आज लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. श्रावणात गेलात तर त्या जुन्या पन्हळींतून पाणी खळाळत टाक्यांकडे उतरताना दिसते.