तीनचाकी मोटारसायकल : चालवण्याची रीत

हँडलने वळणारे, उजव्या मुठीने रेस द्यायचे, पण उभे राहण्यासाठी चालकाच्या पायांची गरज नसलेले वाहन. चाकांच्या मांडणीवरून त्याचे तीन प्रकार पडतात : पुढे एक व मागे दोन चाके, पुढे दोन व मागे एक, आणि साध्या दुचाकीला एका अंगाला जोडलेली साइडकार. परदेशात हौसेने घेतल्या जाणाऱ्या जाडजूड तीनचाकी ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर विरळाच दिसतात. इथे दिसतात त्या दिव्यांग चालकांच्या, मागे दोन जादा चाके बसवलेल्या स्कूटर, क्वचित एखाद्या बुलेटची साइडकार, आणि अर्थात रिक्षा.

रिक्षाला या नोंदीत ओढून आणले आहे असे कोणाला वाटेल, पण ती स्कूटरच्याच घरातली आहे. इटलीच्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरनंतर १९४८ मध्ये तिच्याच धर्तीवर तीनचाकी ‘आपे’ काढली. दोन्हींचा आराखडा कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याचा. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. पुढे पियाज्जोच्याच परवान्यावर बजाजने भारतात स्कूटर आणि रिक्षा बनवल्या. रिक्षाला आजही स्टिअरिंग नाही, हँडल आहे, ते यामुळे. तेव्हा माजिवडा किंवा वाशीच्या स्टँडवरचा रिक्षावाला चालवतो ती वंशावळीने तीनचाकी स्कूटरच.

दुचाकी आणि तीनचाकी यांतला खरा फरक वळणावर कळतो. दुचाकी सरळ उभी राहते ती सतत पडता पडता सावरल्यामुळे. गाडी डावीकडे झुकू लागली की पुढचे चाक थोडे डावीकडे वळते आणि चाके पुन्हा वजनाखाली येतात. यात चालकाचा हात, पुढच्या फोर्कचा (चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कल आणि चाकांचे फिरणे या सगळ्यांचा वाटा असतो. वेग साधारण २०-२५ किलोमीटरच्या वर गेला की आणखी एक गंमत सुरू होते. डावीकडे वळायचे असेल तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळते, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. वीस वर्षे पॅशन चालवणाऱ्याला हे सांगितले तर तो मानणार नाही. ‘मी तर नुसता झुकतो,’ म्हणेल. त्याचे हात मात्र रोज हेच करत असतात.

म्हणूनच मुरलेला दुचाकीस्वार पहिल्यांदा तीनचाकीवर बसला की फसतो. त्याची डावी मूठ सवयीने पुढे जाते आणि तीनचाकी, जी कलत नाही, आज्ञाधारकपणे उजवीकडे निघते. दचकून तो अजून झुकतो, मूठ अजून ढकलतो आणि समोर डिव्हायडर येतो. तीनचाकीला जिकडे जायचे तिकडेच हँडल फिरवायचे असते, सायकलरिक्षासारखे. हँडलही जड लागते, खांदे भरून येतात. ज्याने कधी दुचाकी चालवलीच नाही तो ही गाडी अनेकदा लवकर शिकतो, कारण त्याला विसरायचे काही नसते.

आकड्यांत पाहू. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटर वेगाने घेतले, तर बाहेर फेकणारा जोर वजनाच्या साधारण निम्मा असतो. दुचाकी तिथे सुमारे २७ अंश कलते आणि टायरची पकड असेपर्यंत निमूट निघून जाते. न कलणाऱ्या तीनचाकीकडे हा उपाय नाही. समजा तिचा गुरुत्वमध्य (सगळ्या वजनाचा मध्यबिंदू) जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर आहे आणि उलटण्याच्या रेषेपासून (ती कोणती ते पुढे येते) आडवा ३६ सेंटिमीटर; तर त्याच वळणावर ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास तिचे आतले चाक जमीन सोडेल. ३६ आणि ३९ मध्ये कसर ती किती! दुचाकी पडते ती बहुधा संथ असताना किंवा घसरून. तीनचाकी उलटते ती वेगात, कोरड्या, चांगल्या पकडीच्या रस्त्यावरसुद्धा.

उलटण्याची रेषा म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकापर्यंत काढलेली रेघ. पुढे एक चाक असलेल्या गाडीचा पाया त्रिकोणी, टोक पुढे. भार जितका मागे, रुंद बाजूला, तितकी गाडी भक्कम. जितका पुढे, तितकी कच्ची. रिक्षात मागे तीन जण बसले की वजन वाढते, पण ते निदान रुंद बाजूला पडते. चौथी सीट, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसून एक हात दांडीला धरणारा प्रवासी, नेमकी त्रिकोणाच्या निमुळत्या भागात भर घालते. शेअर रिक्षाच्या रांगेत चौथी सीट भरेपर्यंत गाडी सुटत नाही, हा अनुभव ठाणेकरांना नवा नाही. ती नियमाबाहेर आहे हे सगळ्यांना माहीत असते. ती त्रिकोणाबाहेर चालली आहे हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

वळणात ब्रेक मारला की भार पुढे धावतो, पुन्हा त्या निमुळत्या टोकाकडे. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणातून हलकी रेस देत बाहेर पडायचे, ही तीनचाकीची पहिली शिस्त. पुढे दोन चाके असलेल्या गाडीला ब्रेकचे हे भय नसते, कारण तिचा भार रुंद बाजूकडे धावतो. पियाज्जोच्या एमपी३ (२००६) आणि यामाहाच्या नायकेन (२०१८) या गाड्यांत पुढची दोन्ही चाके जोडदांड्यांवर कलतात, त्यामुळे त्या दुचाकीसारख्याच झुकवून वळवायच्या असतात आणि वर सांगितलेली उलटी मूठही त्यांना लागू पडते. चाके तीन, वागणूक दोन चाकांची.

साइडकारची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात म्हणून ती डाव्या अंगाला असते. रेस दिली की साइडकार मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक मारला की साइडकार पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलली जाते, म्हणून जाणते लोक तिच्यात वाळूची गोणी टाकतात. एकेकाळी स्कूटरला साइडकार लावून चौघांचे कुटुंब लग्नाला जायचे; बायकोमुलांची ने-आण हा सोहळा होताच, शिवाय तोल सावरण्याचे कामही तीच करत.

रस्त्याशी दुचाकी आणि तीनचाकी या दोघींचे नाते वेगळे असते आणि आपल्या भागात हा मुद्दा वळणापेक्षा मोठा. दुचाकीची रस्त्यावर एकच रेघ उमटते. जुलैमध्ये घोडबंदर रोडला गायमुख घाटात खड्ड्यांची जाळी झालेली असते, तेव्हा दुचाकीवाला दोन खड्ड्यांमधल्या वीतभर डांबरावरून मार्ग काढतो. पुढे एक चाक असलेल्या तीनचाकीच्या रेघा तीन. खड्डा मागच्या दोन चाकांच्या मधोमध घ्यावा तर पुढचे चाक नेमके त्यात जाते. पुढचे वाचवावे तर मागचे डावे किंवा उजवे आदळते. ‘पुढचं चाक गेलं की रिक्षा गेली’ असे थट्टेने म्हणतात, ते गर्दीतल्या फटीपुरते. खड्ड्याच्या बाबतीत पुढचे चाक गेल्यावर मागच्या दोघांचा हिशेब बाकी असतो. शिवाय पुढचे चाक लेनच्या मधोमध चालते, आणि ट्रक-बसचे ऑइल नेमके तिथेच ठिबकलेले असते. पहिल्या पावसात तो पट्टा साबणासारखा होतो. दुचाकी त्यावर घसरली तर आडवी होते; तीनचाकी आडवी होत नाही, फक्त हँडल फिरवूनही सरळच जात राहते.

पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. दुचाकीला तो जाणवतही नाही, कारण ती रस्ता कसाही असला तरी स्वतः उभी राहते. तीनचाकी मात्र रस्ता कलेल तशी कलते आणि सारखी डावीकडे ओढत राहते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर डाव्या लेनने ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत जा, उजव्या मनगटाला हा उतार मोजता येईल.

दिव्यांगांच्या स्कूटरमध्ये आणखी अडचणींची भर पडते. अशा बहुतेक गाड्यांत मूळचे मागचे चाक तसेच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक चाक बसवतात. म्हणजे मोजायला गेले तर चाके चार, पण बोलताना तीनचाकीच. इंजिनाचा जोर मधल्या चाकाला. पेव्हर ब्लॉक खचून मध्ये खळगा झाला असेल आणि बाजूची चाके उंचावर राहिली, तर मधले चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी हलत नाही. जोडणीला स्प्रिंग नसेल तर हे हमखास. दुसरी अडचण मागे घेण्याची. दुचाकीस्वार पायांनी गाडी मागे रेटतो. ज्याच्या पायात ताकद नाही त्याने काय करावे? काही इलेक्ट्रिक स्कूटरना रिव्हर्स असतो, पेट्रोलच्या गाडीला सहसा नसतो. त्यामुळे असा चालक गाडी लावतानाच तोंड बाहेर काढून लावतो. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये हँडलला हँडल भिडवून गाड्या कोंबलेल्या असतात, तिथे ती रुंद गाडी शिरली तरी निघणार कशी, हा प्रश्न रोजचा. उतारावर उभी करायची तर हँडब्रेकही हवा, कारण तीन चाकांवरची गाडी पडत नाही पण घरंगळते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत मोटारसायकल म्हणजे दुचाकीच. तिसरे चाक चालते ते फक्त सुटे करता येणाऱ्या साइडकारचे. बाजूला चाके बसवलेली स्कूटर ‘अनुकूलित वाहन’ ठरते. हा फेरफार आरटीओत दाखवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो, मग नंबर ठाण्याचा एमएच-०४ असो की नवी मुंबईचा एमएच-४३. लायसनवरही तसा उल्लेख लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू या दोन्हींवर दुचाकीला आणि रिक्षालाही मज्जाव आहे. एरवी सिग्नलला एकमेकींना कट मारणाऱ्या या दोघी तिथे एकाच पाटीवर शेजारी असतात.

तीनचाकीची सवय झालेला माणूस पुन्हा दुचाकीवर येतो तेव्हा वळणे त्याला दोन दिवसांत जमतात. चुकते ते थांबणे. कापूरबावडीला सिग्नल लाल होतो, तो दोन्ही ब्रेक दाबून अगदी व्यवस्थित थांबतो, हात हँडलवर, नजर समोर, आणि पाय टेकवायचा राहून जातो. शून्य वेगात तो सावकाश डावीकडे कलू लागतो, शेजारच्या रिक्षावाल्याने हात देईपर्यंत.