अतिसंवेदी फुफ्फुसदाह आणि टी पेशी

श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय धुळीवर टी पेशी (रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) खवळतात आणि वायुकोश व बारीक श्वासनलिका सुजतात, तो हा आजार. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एचपी’, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तो संसर्गजन्य नाही. ग्वाल्हेरात त्याची दोन कारणे घरातच सापडतात: लष्करमधल्या जुन्या वाड्यांतली कबुतरे आणि पारा ४५ अंशांकडे सरकला की दिवसरात्र चालणारे कूलर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुफ्फुसाच्या अंतराली (वायुकोशांमधल्या ऊतींच्या) आजारांच्या १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना एचपी होता. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आला होता.

कूलरच्या ओल्या घासेत (पाणी झिरपणाऱ्या गवताच्या पडद्यात) बुरशी व जिवाणू वाढतात, कबुतरांच्या पिसांतून आणि विष्ठेतून प्रथिने उडतात. ५ मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशात पोचतात. पहिल्या संपर्कात बाहेरून काहीच दिसत नाही. टी पेशी मात्र तो कण ओळखायला शिकतात. पुढच्या वेळी सीडी४ (मदतनीस टी) पेशींचा टीएच१ प्रकार इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशरेणू सोडतो, भक्षकपेशी गोळा होतात आणि सैलसर गाठी बनतात. याला ४ ते ८ तास लागतात. म्हणून सकाळी कूलर साफ करणाऱ्याला संध्याकाळी ताप, खोकला आणि धाप लागते, एकदोन दिवसांत उतरते आणि ‘व्हायरल’ म्हणून विसरली जाते. कबुतरे पाळणाऱ्या सगळ्यांनाच हे होत नाही. निरोगी राहणाऱ्यांत नियामक टी पेशी हा भडका आवरतात. रुग्णांत त्या कमी पडतात. रक्तातली आयजीजी (प्रतिपिंडांची) चाचणी फक्त संपर्क दाखवते, आजार नव्हे.

टी पेशींचा थेट अंदाज येतो तो फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातून. दुर्बीण श्वासनलिकेच्या फांदीत घट्ट बसवून १०० ते ३०० मिली सलाइन ३ ते ५ भागांत सोडतात आणि लगेच ओढून घेतात. किमान ३० टक्के परत आले नाही तर मोजणीवर भरवसा नको. एरवी लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) १५ टक्क्यांच्या आत असतात. एचपीत ते बहुधा ३० च्या वर जातात. सीडी४-सीडी८ या टी पेशींच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तराला मात्र फाजील महत्त्व दिले जाते: सीडी८ वाढणे ठरलेले नाही, धूम्रपानाने आणि जुनाट आजारात आकडे बदलतात. तंतुमयता (फुफ्फुसात व्रणाच्या ऊती) आली की लिम्फोसाइटही घटतात, त्यामुळे कमी आकड्याने एचपी नाकारता येत नाही.

वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर प्रतिसाद टीएच२ व टीएच१७ या सीडी४ पेशींच्या इतर प्रकारांकडे झुकतो, टीजीएफ-बीटासारखे संदेश तंतुपेशींना चेतवतात आणि व्रण उरतो. तो परत फिरत नाही. म्हणून कबुतरे रोखणारी जाळी आणि कूलर बंद करणे हे औषधाआधी. टाकी दर आठवड्याला रिकामी करून वाळवणे आणि घास दर हंगामात बदलणे घरच्या निरोग्यांसाठी ठीक आहे, रुग्णासाठी नाही. प्रेडनिसोलोन व मायकोफेनोलेट टी पेशींना दाबतात. वाढत्या तंतुमयतेत निंटेडॅनिब देतात. टी पेशी दाबणारी औषधे सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी चुकवू नये, कारण दडलेल्या क्षयाला याच टी पेशींनी अडवून धरलेले असते.